क्रमशः काका

आमच्या शेजारच्या काकांना संपलेली गोष्ट आवडत नाही आणि रेंगाळलेली गोष्ट खपत नाही. या दोन तऱ्हा एकाच माणसात आल्या की शेजाऱ्यांनी कसं वागायचं, हे कुठल्याच पोथीत सांगितलेलं नाही. काका मूळचे बेळगावचे. बँकेच्या नोकरीत बदल्या घेत घेत निम्मा कर्नाटक पालथा घातला आणि शेवटी म्हैसूरला कुवेंपुनगरात घर बांधून बसले. दारावर पितळी पाटी आहे, तिच्यावर नाव-आडनावही आहे, पण ते फक्त पोस्टमन वाचतो. गल्लीला ते 'क्रमशः काका' म्हणूनच ठाऊक. नाव ठेवलं माझ्या लेकीनं. काकांना राग यायला हवा होता. त्यांनी उलट व्हॉट्सअ‍ॅपवर तेच नाव लावून घेतलं, पुढे तीन टिंबं देऊन.

सकाळी कुक्करहळ्ळी तलावावर फिरताना भेटले तर चारचौघांसारखं "काय, बरं आहे ना?" विचारणार नाहीत. "सरकलं का काही?" असं विचारतात. नवख्या माणसाला वाटतं, पोटाची तक्रार दिसते. तक्रार असते ती गोष्टीची. इंटरनेटवर हप्त्याहप्त्यानं येणाऱ्या चित्रकथा असतात ना, वेबकॉमिक्स म्हणतात ती, त्यांचे काका सत्तरीतले निष्ठावंत वाचक आहेत. एका वेळी चार-पाच चालू असतात. 'टॉवर ऑफ गॉड' नावाच्या कोरियन कथेतला मुलगा 2010 सालापासून एक मनोरा मजल्यामजल्यानं चढतोय. काकांना ती कथा आवडते, पण मुलाच्या चालीबद्दल त्यांचं मत वाईट आहे. "चामुंडी बेट्टाच्या हजारावर पायऱ्या आहेत," ते म्हणतात. "मी ह्याच्या वयाचा असताना अर्ध्या तासात वर. मध्ये नंदीला नमस्कार करूनसुद्धा. हा काय करतोय तिथं इतकी वर्षं?"

त्यांना या नादाला लावलं माझ्याच लेकीनं. ती पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला आहे. काका तिला पुट्टी म्हणतात. एकदा ती आमच्या गेटवर मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती आणि काकांनी चष्मा वर सरकवून "काय वाचतीस गे?" एवढंच विचारलं. तिनं दाखवलं. काकांनी तिथंच उभ्या उभ्या पहिला भाग वाचला, दुसरा वाचला, तिसऱ्याच्या शेवटी एक बुरखाधारी खिडकीत उभा राहिला आणि खाली पाटी आली: पुढचा भाग रविवारी. काकांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते त्यांच्या पेन्शनचा फरक जमा झाला त्या दिवशीही मी पाहिलं नव्हतं.

मोबाइलवरच्या या कॉमिकला पान नसतं. वरून खाली एक लांबच लांब पट्टी, अंगठ्यानं सरकवत जायची. ही तऱ्हा कोरियात रुजली आणि तिथून जगभर गेली. पान गेलं, तशी पान उलटताना धक्का द्यायची जुनी युक्तीही गेली. तिची जागा घेतली मोकळ्या जागेनं. दोन चित्रांच्या मध्ये कोरा पट्टा जितका लांब, तितका वाचकाचा जीव टांगणीला. चित्रकार वेळ दाखवतो तो असा: घाईची मारामारी असेल तर चौकटी एकीला एक खेटून, आणि कुणी अंधारात जिना उतरत असेल तर नुसता काळा रंग, खाली, आणखी खाली, आणखी खाली, मग एक पाऊल. काका हे अंतर अंगठ्यात मोजतात. "तीन अंगठे रिकामं सोडलंय. म्हणजे कुणीतरी मेलंय बघ." बहुतेक वेळा मेलेलंही असतं.

अंगठ्याचीच एक अडचण आहे. जन्मभर नोटा मोजल्यामुळे काकांचा अंगठा सरकवायच्या आधी आपोआप जिभेला लागतो. ओला अंगठा काचेवर ठेवला की मोबाइल आधी ढिम्म हलत नाही आणि मग एकदम पाच चौकटी पुढे पळतो. खुनी कोण ते आधी दिसतं, खून मागून. काका खवळतात. "सांगून सोडलं की हो सगळं!" असं त्या मोबाइललाच म्हणतात आणि डोळे मिटून अंदाजानं पट्टी परत वर नेतात. पुट्टीनं त्यांना स्पंजची ती बँकेतली डबी आणून दिली होती. काकांनी अंगठा सवयीनं आधी तिच्यात बुडवला, मग जिभेला लावला.

पण काकांना नुसते वाचक म्हणणं हा त्यांच्यावर अन्याय होईल. काका लेखापाल आहेत. त्यांच्याकडे लाल कापडी पाठीची एक जाडजूड वही आहे, बँकेतल्या खतावणीसारखी आखलेली. प्रत्येक कॉमिकचं वेगळं खातं. रकाने असे: तारीख, भाग, काय झालं, कोडं उचललं, कोडं फेडलं, शिल्लक. यामागचं तत्त्वज्ञान त्यांनी मला बाय-टू कॉफीच्या अर्ध्या पेल्यावर समजावून सांगितलं आहे. लेखकानं वाचकाला कोडं घातलं, म्हणजे वाचकाकडून कर्ज उचललं. बुरखाधारी कोण, पत्र कुणी जाळलं, आईचं लॉकेट विहिरीत कसं पडलं, ही सगळी उचल. उचल करायला काका आडकाठी करत नाहीत. "उचलल्याशिवाय धंदा कसा चालणार?" पण मग मधून मधून व्याज यायला पाहिजे. एखादा धागा, एखादा पुरावा, निदान त्या लॉकेटची आठवण. मुद्दल शेवटी द्या, हरकत नाही. आणि नव्वद दिवसांत व्याजाचा पैसासुद्धा आला नाही तर? काका लाल शाईनं खात्यासमोर तीन अक्षरं लिहितात: एनपीए. नियम रिझर्व्ह बँकेचा आहे, तो सगळ्यांना सारखा.

त्यांच्या 'काय झालं' या रकान्यातल्या काही नोंदी मी स्वतः वाचल्या आहेत. भाग 41: दार उघडलं. भाग 42: सगळे दाराकडे बघतात. भाग 43: दार उघडलं होतं ते तिला आठवतं. भाग 44: सुट्टी, लेखक आजारी, मुदत वाढवून दिली. मला वाटतं, मराठी समीक्षेत इतकं कमी लिहून इतकं सांगणारं फारसं कुणी नाही.

ती 'मुदत वाढवून दिली' ही नोंद मात्र बघून ठेवण्यासारखी आहे. काका तोंडानं कितीही कडक असले तरी वसुलीला जाणाऱ्यातले नव्हेत. पुट्टीनं त्यांना एकदा सांगितलं की यातल्या कितीतरी कथा एकच माणूस लिहितो, तोच काढतो, तोच रंगवतो, दर आठवड्याला, आणि मनगटं धरून बसतो. काका गप्प झाले. त्यांच्या यादीत बेंगळुरूचा एक पोरगा आहे, दिवसा कुठल्याशा कंपनीत काम करतो आणि रात्री कॉमिक काढतो. त्याच्या खात्यावर तीन एनपीए होते. काकांनी त्याला ई-मेल लिहिली, खास बँकेच्या इंग्रजीत, संदर्भ क्रमांक घालून: अमुक तारखेपासून लॉकेटबाबत काहीही हालचाल दिसत नाही, तरी प्लीज डू द नीडफुल, आणि खाली, मनगटाला तिळाचं तेल कोमट करून लावावे. पोरानं उलट टपाली आभार मानले. पुढे काही आठवड्यांनी त्याच्या कॉमिकमध्ये बाजाराचं एक चित्र आलं, त्यात गर्दीत मागे एक टकले आजोबा लाल वही काखेत घेऊन उभे. पुट्टी धावत दाखवायला गेली. काकांनी चष्मा पुसून ते चित्र बराच वेळ पाहिलं, मोठं करून पाहिलं, काकूंना बोलावून दाखवलं. मग वही काढली आणि लिहिलं: या भागातही गोष्ट सरकली नाही.

कोरियन कॉमिकवाल्यांची एक गोष्ट मात्र त्यांना मनापासून पटते. तिथं प्रत्येक कथेचा वार ठरलेला असतो. सोमवारची वेगळी, मंगळवारची वेगळी. काकांच्या स्वयंपाकघरात कॅलेंडरशेजारी आता दोन तक्ते लागले आहेत. एक काकूंचा: सोमवारी महादेव, मंगळवारी गणपती, गुरुवारी दत्त. दुसरा काकांचा. शनिवारी मारुतीच्या बरोबरीनं एक तलवारबाज पोरगी आहे. कथेचा एक खंड संपवून लेखक दोन-चार महिने सुट्टीवर गेला की काका म्हणतात, चातुर्मासाला बसला. तेवढे महिने कांदा-लसूण सोडल्यासारखे ते गंभीर असतात.

पैसे भरून पुढचे भाग आधी वाचायची जी सोय असते, तिचा उल्लेखही त्यांना चालत नाही. "उद्याचा हप्ता आज वाचला तर उद्या काय वाचू? परवाचा? मग परवा?" ही साखळी ते फार लांबवर नेऊ शकतात. पुट्टीला असले काही सिद्धांत नाहीत. ती खाऊच्या पैशातून तीन भाग पुढे गेलेली असते आणि तेच तिचं शस्त्र आहे. "काका, सांगू?" एवढंच म्हणायचं. काका दोन्ही कानांवर हात ठेवून 'विठ्ठल विठ्ठल' सुरू करतात. या जोरावर तिनं त्यांच्याकडून गणिताच्या प्रोजेक्टपासून मैलारीच्या डोशापर्यंत काय काय उकळलं आहे, ते त्यांच्या वहीत नाही.

खरं भांडण आहे ते काका आणि काकूंचं. काकू धारवाडच्या. कुठलीही कादंबरी हातात आली की आधी शेवटचं पान वाचतात. नायिका जिवंत आहे, लग्न योग्य माणसाशी झालं आहे अशी खात्री करून घेतात आणि मग निवांतपणे पहिल्या पानावर येतात. काकांच्या मते हा गुन्हा आहे. काकूंच्या मते तांदूळ निवडून घेतल्याशिवाय भात कुणी लावत नाही. इतकी वर्षं हे दोघं एका घरात राहतात आणि एकच साप्ताहिक घेतात, हे मला म्हैसूरच्या राजवाड्याइतकंच नवलाचं वाटतं.

पुट्टीशी त्यांचा वाद वेगळा. पुट्टी साठलेली कॉमिक्स एका बैठकीत वाचते. अमेरिकेतलं 'गर्ल जीनियस' कागदावरून 2005 साली इंटरनेटवर आलं, तेव्हापासून सोमवार-बुधवार-शुक्रवार एकेक पान. आठवड्याला तीन पानं धरली तर कथेतली एक रात्र उजाडायला बाहेर आंब्याचा मोसम येऊन जातो. काका ते तसंच वाचतात, पानापानानं, आणि 'चाल मंद' असा शेरा मारतात. पुट्टीनं मे महिन्याच्या सुट्टीत मागची हजारएक पानं सलग वाचून काढली आणि जाहीर केलं की कथा सुसाट आहे, श्वास घ्यायला वेळ नाही. दोघंही एकाच कथेबद्दल बोलत होते. मला विचाराल तर इथं दोघांचंही बरोबर आहे, आणि असल्या चित्रकथेच्या लेखकाची खरी कसरत हीच: आज एक पान वाचणाऱ्यालाही काहीतरी पदरात पडलं पाहिजे आणि उद्या पुस्तक निघाल्यावर सलग वाचणाऱ्याला प्रत्येक पानाच्या शेवटी ठेचही लागता कामा नये. पण न्यायाधीश होण्यासाठी मला कुणी बोलावलं नव्हतं. काका एवढंच म्हणाले, "तू वाचलं नाहीस पुट्टी. गिळलंस."

आपलं म्हणणं पटवायला काका पुरावे गोळा करत असतात. वेताळाचं (म्हणजे फँटमचं) उदाहरण ठरलेलं. ली फॉकनं 1936 साली तो वर्तमानपत्रात सुरू केला. रोज तीन-चार चौकटी. पहिलीत काल काय झालं त्याची आठवण, मधल्या चौकटीत पाऊलभर पुढे, शेवटच्या चौकटीत गळ. फॉक 1999 साली गेला तोवर लिहीत होता. तो गेला तरी वेताळ चालूच राहिला. "अमर आहे म्हणतात ते असं," काका म्हणतात. दुसरा पुरावा दुसऱ्या वेताळाचा, 'चांदोबा'तल्या. मूळ गोष्टी पंचवीस, पण मासिकानं त्या वर्षानुवर्षं पुरवल्या. राजानं तोंड उघडलं की प्रेत झाडावर; म्हणजे पुढचा अंक घेणं आलं. राजा थकला नाही, शंकर चित्रं काढून थकले नाहीत. तिसरा पुरावा कुडाळजवळच्या पिंगुळीचा. तिथले ठाकर चित्रकथी एकेक रंगवलेलं पान समोर धरून रामायण-महाभारत गातात. परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. काकांनी तिथं खेळ पाहिलाय. "गाणं संपल्याशिवाय पान बदलत नाहीत. मागच्या पानाला हात लावलात तर लावून बघा." पुट्टीनं यावर त्यांना 'एक्सकेसीडी' या वेबकॉमिकचं 2013 सालचं 'टाइम' दाखवलं: समुद्रकाठी वाळूचा किल्ला करणारी दोन माणसं, आणि ते चित्र आधी दर अर्ध्या तासानं, मग दर तासानं जरासं बदलायचं, असं चार महिने, तीन हजारांवर चित्रं. काका भारावून गेले. ते चालू असताना काकांकडे स्मार्टफोन नव्हता, याबद्दल काकू अजून देवापुढे तुपाचा दिवा लावतात.

पण त्यांचा सगळ्यात मोठा पुरावा दगडाचा आहे. आम्ही त्यांच्याबरोबर सोमनाथपूरला गेलो होतो. म्हैसूरहून चाळीसएक किलोमीटर, होयसळांच्या काळातलं तेराव्या शतकातलं केशव मंदिर. 2023 साली बेलूर आणि हळेबीडूबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलं. बाकीची मंडळी आत मूर्ती बघायला गेली. काका बाहेर भिंतीशीच अडकले. खाली हत्तींची रांग, वर घोडेस्वार, त्याच्या वर वेलबुट्टी आणि त्याच्या वर, बरोबर नजरेला येईल अशा उंचीवर, रामायण, भागवत, महाभारत, वीतभर उंचीच्या पट्टीत कोरत नेलेलं. प्रदक्षिणेच्या दिशेनं चालत गेलं की कथा पुढे जाते. "बघ की," काका मला म्हणाले, "स्क्रोलच आहे. अंगठ्याच्या जागी पाय." आणि मग त्यांनी मला जे दाखवलं ते कुठल्या गाइडनं सांगितलेलं मी ऐकलेलं नाही. मंदिर चांदणीच्या आकाराचं, भिंत सरळ अशी नाहीच, दर दोन-चार हातांवर काटकोनात वळते. प्रत्येक कोपऱ्यापलीकडचं दिसत नाही. काका एका कोपऱ्याशी थबकले. अलीकडे कुणी बाण ताणला होता. "आता कुणाला लागला ते बघायला वळायलाच पाहिजे ना? हे पान उलटणं." शिल्पकारानं ते मुद्दाम केलं की भिंतच तशी होती, मला ठाऊक नाही, काकांना त्या दिवशी तरी शंका नव्हती. त्यांनी हात मागे बांधले, एक मोठा श्वास घेतला आणि वळले. मग पुढच्या कोपऱ्याशी तेच. आमची प्रदक्षिणा पुरी व्हायच्या आत रखवालदारानं शिट्टी फुंकली. महाभारत राहिलं. काका परतीच्या वाटेवर बन्नूरपर्यंत खुशीत होते.

दसऱ्याला त्यांचा उत्साह तर बघवत नाही. जंबूसवारी दुपारी निघते. काका सकाळी नऊला सय्याजीराव रोडवर घडीची खुर्ची, छत्री आणि चित्रान्नाचा डबा घेऊन हजर. आधी निशाणाचे हत्ती, मग नाचणारे, वाजवणारे, जिल्ह्याजिल्ह्यांचे चित्ररथ, पोलिसांचा बँड आणि सगळ्यात शेवटी सोन्याच्या अंबारीत चामुंडेश्वरी. साडेसातशे किलोची अंबारी, ती घेऊन हत्ती जो काही संथ येतो, त्या चालीला काका 'आदर्श' म्हणतात. "1610 सालापासून सराव आहे ह्यांना. आधी हत्ती सोडला असता तर मागचे चित्ररथ कुणी बघितले असते?" एक वर्ष मीही त्यांच्याबरोबर बसले होते. चित्ररथ चालू होते, काका रंगात येऊन ताणायचं कसं ते मला समजावत होते, तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. काकू घरी टीव्हीसमोर. राजवाड्याच्या आवारातून थेट प्रक्षेपण. "बघितली हो मी अंबारी," काकू मोठ्यांदा म्हणाल्या, "पुष्पार्चनासुद्धा झाली. छान होती साडी देवीची. जांभळी." काकांनी मोबाइल खाली ठेवला आणि तासाभरानं अंबारी समोर आली तेव्हा ते उलट्या दिशेला बघत होते.

याच गावात आर. के. लक्ष्मण जन्मले, इथल्या महाराजा कॉलेजात शिकले. थोरले भाऊ आर. के. नारायण यांचं यादवगिरीचं घर आता संग्रहालय झालंय. काका तिथं अधूनमधून जातात, पण लक्ष्मण यांच्याबद्दल त्यांच्या मनात एक अढी आहे. "एका चौकटीत सगळं आटपून सोडतो माणूस. उद्याला काही ठेवत नाही." मग जरा थांबून म्हणतात, "पण तो कॉमन मॅन बघ. 1951 पासून रोज आला, एक शब्द बोलला नाही. हे मात्र खरं ताणणं."

इंद्रजाल कॉमिक्सचा किस्सा त्यांच्याकडून ऐकण्यासारखा आहे. 1964 साली निघालेलं इंद्रजाल ऐंशीच्या दशकात दर आठवड्याला यायचं आणि लांबलेली गोष्ट दोन-तीन अंकांत तोडलेली असायची. काका तेव्हा तरणेबांड कारकून, खेड्यातल्या शाखेत. म्हैसूर बसस्टँडवरून ड्रायव्हरकरवी अंक मागवायचे आणि खतावणीत लपवून वाचायचे. वेताळाच्या एका गोष्टीचा पहिला भाग आला. वेताळ बांधलेला, पाणी गळ्यापर्यंत. दुसरा भाग आलाच नाही. ड्रायव्हर बदलला होता. तिथून पुढे कितीतरी वर्षं काकांनी तो अंक रद्दीच्या दुकानांतून, रविवारच्या बाजारांतून, लग्नाला गेलेल्या घरांच्या माळ्यांवरून शोधला. परवा पुट्टीनं तो कुठूनसा दहा मिनिटांत मिळवून दिला. काकांनी आंघोळ केली, खुर्ची ओढून घेतली आणि वाचला. मी शेजारीच होते. दोन चौकटींत वेताळ सुटला, तिसरीत बदमाश पाण्यात. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चाळीस वर्षं थांबलो गे. आणि दोन चौकटीत सोडवून सोडला?" वहीत त्यांनी खातं बंद केलं, शेरा लिहिला: तडजोडीनं निकाली, मुद्दलात मोठी सूट.

आता एवढा हिशेबी माणूस स्वतः गोष्ट सांगताना कसा असेल? विचारू नका. गुंडलुपेटच्या शाखेत 1983 साली स्ट्राँगरूमची किल्ली हरवली, ही काकांची गोष्ट. मी तिचे किती हप्ते ऐकले आहेत ते मला सांगता येणार नाही, पण शेवट मात्र ऐकलेला नाही. पाऊस असतो. तपासनीस सकाळच्या बसनं येणार असतो. तिजोरीला दोन किल्ल्या, एक ह्यांच्याकडे, एक कॅशियरकडे; दोन्ही लावल्याशिवाय दार उघडत नाही. काका शिपायाला उठवायला जातात आणि कंदिलाच्या उजेडात त्यांना दिसतं की... इथं तलावाचं फाटक येतं, किंवा कॉफी येते, किंवा काकांना दूधवाल्याला पैसे द्यायची आठवण होते. "उरलेलं उद्या." उद्या पुन्हा पावसापासून.

गेल्या महिन्यात पुट्टीनं काय केलं, लाल वही उघडून शेवटच्या पानावर एक नवं खातं मांडलं. नाव: काका. कोडं उचललं: किल्ली. व्याज: शून्य. शिल्लक: संपूर्ण. आणि लाल शाईनं, काकांच्याच ऐटीत, तीन अक्षरं. वही काकांसमोर ठेवली. काकांनी वाचलं, पुन्हा वाचलं. इतके ओशाळलेले मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "नियम म्हणजे नियम," ते म्हणाले. "बस. आज सांगून टाकतो." आम्ही बसलो. काकांनी खाकरून घसा साफ केला, अंगठा जिभेला लावला आणि सुरुवात केली. "तर काय झालं, त्या दिवशी पाऊस..."

"किल्ली ह्यांच्याच पँटच्या खिशात होती," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "दुसऱ्या पँटच्या. मीच काढून दिली."

पुट्टीनं पेन उचललं आणि 'फेडलं' या रकान्याकडे नेलं. काकांनी तिचा हात धरला.

"थांब थांब. ती माझी किल्ली," ते म्हणाले. "कॅशियरची कुठं होती, ते मी अजून सांगितलंय कुठं?"